जहाजावरचा पहिला दिवस: तुमचा कसा गेला?

शिडाची होडी

पाऊस संपला की बॅलार्ड पिअरवरून गोव्याच्या, लक्षद्वीपच्या, कोचीच्या क्रूझ सुटू लागतात आणि घराघरातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप "किती पडले?" या एकाच प्रश्नाने भरून जातात. बाल्कनी घ्यावी की बिनखिडकीची खोली, पेयांचं पॅकेज परवडतं का, ही माहिती कुठेही मिळते. इथे ती नको. मला हवेत ते पहिले चोवीस तास. जहाजावर पाय ठेवल्यावर काय दिसलं, कशाने दचकलात, काय मुळीच डोक्यात नव्हतं. क्रूझच पाहिजे असं नाही. नाईलची बोट, कोकणची आगबोट, लक्षद्वीपचं सरकारी जहाज, सगळं चालेल. बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी तर लिहाच.

सुरुवात मी करते. आमची सिंगापूरहून पिनांग-फुकेतची फेरी होती. मरिना बे क्रूझ सेंटरला बॅगा काढून घेतात, त्यांना केबिन नंबरची पट्टी लावतात आणि मग संध्याकाळपर्यंत त्यांचं दर्शन नाही. (बीपीच्या गोळ्या आणि पोरांचा एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा, हे रांगेत पुढे असलेल्या नागपूरच्या काकूंनी सांगितलं. देव त्यांचं भलं करो.) बदल्यात एक प्लास्टिकचं कार्ड मिळतं. तीच खोलीची किल्ली, तेच पाकीट, तेच ओळखपत्र. आत गेल्यावर समुद्र बघायला धावेन असं वाटलं होतं. प्रत्यक्षात बराच वेळ बोळच बघत फिरले. दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, एकसारखा गालिचा आणि जहाजाचं नाक कुठे, शेपूट कुठे याचा पत्ता नाही. गालिच्यावर मासे विणलेले होते. त्या सगळ्यांची तोंडं जहाजाच्या पुढच्या दिशेला असतात, हे कळेपर्यंत उतरायची वेळ आली.

मग सात आखूड भोंगे आणि एक लांब. मस्टर ड्रिल, म्हणजे जहाज सोडायची वेळ आली तर काय करायचं याची तालीम. गंमत म्हणून गेलो होतो, पण शिकवणारी मुलगी लाइफ जॅकेटचा पट्टा ज्या गांभीर्याने ओढून दाखवत होती ते बघून सगळे गप्प झाले. पूर्वी हे प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत केव्हाही केलं तरी चालायचं. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटलं, 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल व्हायचंच होतं. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या ड्रिल करावंच लागतं.

तर माझं म्हणणं असं की पहिलं आश्चर्य समुद्राचं नसतंच, जहाजाचं असतं. कोणाला पटत नसेल तर भांडा.

गच्चीतली मनी

भांडत नाही, कारण आमच्याकडे समुद्रच नव्हता. लक्झर ते अस्वान, नाईल.

पहिला धक्का धक्क्यावरच. आपली बोट शोधत गेलो तर गाइड एका भलत्याच बोटीत शिरला. तिच्या रिसेप्शनमधून सरळ पलीकडच्या दाराने बाहेर, तिथून दुसऱ्या बोटीचं रिसेप्शन, तिथून तिसरीचं. काठाला जागा कमी म्हणून बोटी एकमेकींना खेटून बांधतात, आणि काठापासून लांबच्या बोटीत जायचं तर मधल्या सगळ्यांच्या दिवाणखान्यातून जायचं. कोणाला त्याचं काही वाटत नाही. आम्ही आपले प्रत्येक ठिकाणी ओशाळून "सॉरी, सॉरी". संध्याकाळी नदी बघायला खोलीचा पडदा सारला तर समोर हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीची खिडकी आणि तिच्यात बनियनवर बसून दाढी करणारे एक गृहस्थ. दोघांनीही एकाच वेळी पडदे ओढले.

पण खरी मजा एस्नाला. तिथे नदीवर बंधारा आहे आणि बोटींना लॉकमधून पलीकडे जावं लागतं, म्हणजे दोन दारांमधल्या हौदात उभं राहायचं आणि पाणी कमी-जास्त होऊन आपण वर किंवा खाली. नंबर लागेपर्यंत बोटी ताटकळतात, आणि नेमक्या त्याच वेळी छोट्या होड्यांतून विक्रेते येतात. आम्ही वरच्या डेकवर चहा पीत होतो. एकदम धप्पकन प्लास्टिकची पिशवी येऊन पडली, पोहण्याच्या टाकीला अगदी लागून. आत घडी घातलेला गलाबिया, म्हणजे तिकडचा पायघोळ झगा. खालून आवाज: "इंडिया! अमिताभ बच्चन! बघा, आवडला तर ठेवा!" चार मजले खाली होडीत उभा राहून तो माणूस तोल सांभाळत घासाघीस करत होता. आमच्या ग्रुपमधल्या मंडईत मुरलेल्या बाईंनी गलाबिया अंगाला लावून पाहिला, शिवण तपासली, निम्म्याहून कमी किंमत ओरडून सांगितली आणि पिशवी परत फेकली. पिशवी पुन्हा वर आली, रंग बदलून. सौदा ठरल्यावर पैसे त्याच पिशवीत घालून खाली टाकायचे. एकही पिशवी पाण्यात पडलेली मी पाहिली नाही. दोन्ही बाजूंचा नेम वाखाणण्यासारखा होता.

एदफू, कोम ओम्बोची देवळं, मगरींच्या ममी वगैरे सगळं पाहिलं. आठवतात त्या पिशव्या.

मुक्काम पोस्ट

मला नाही आवडलं. लिहून ठेवतो, म्हणजे धागा एकतर्फी होणार नाही. दिवसभर कोणीतरी माइकवरून काहीतरी जाहीर करत असतं. जरा लवंडावं तर बिंगो. शांत जागा म्हणून वाचनालयात गेलो तर तिथे पत्ते चालू. पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर अनोळखी लोकांबरोबर बसवलं, आणि ते निघाले आमच्याच सोसायटीच्या बी विंगचे.

पडाव

माझं वय लक्षात घेऊन वाचा. आमची क्रूझ म्हणजे 'कोकण शक्ती' नाहीतर 'कोकण सेवक'. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि एकेक बंदर घेत दुसऱ्या दिवशी पणजी. पावसाळ्यात बंद. मी पहिल्यांदा चढलो तेव्हा चौथीत असेन, मे महिन्यात देवगडला आजोळी जायला.

पहिलं चित्र हमालांचं. फळी लागली की प्रवाशांच्या आधी हमाल वर धावत आणि डेकवर लोकांच्या सतरंज्या अंथरून जागा धरत. तुमची सतरंजी सावलीत पडली की तुम्ही जिंकलात. आमची पडली इंजिनाच्या धुराड्याजवळ. खाली लोखंड तापलेलं, वर काजळी, शेजारी एका बाईंच्या टोपलीतली कोंबडी. वडील म्हणाले, "एकच रात्र तर काढायची आहे." ती रात्र यायला अजून बरेच तास होते.

बंदरातून बाहेर पडेपर्यंत सगळे गप्पा मारत, डबे उघडत. खुल्या समुद्रात बोट डुलायला लागली की गप्पा थांबायच्या. मग पहिली बाई कठड्याकडे जायची, आणि तिच्यामागे अर्धा डेक. आईकडे आलेपाक आणि अर्धं लिंबू होतं. लिंबू नाकाशी धरून ती डोळे मिटून बसली. मला बोट लागली नाही, म्हणून मी डेकभर हिंडलो आणि ज्यांना लागली त्यांच्या डब्यांतलं खाल्लं. लोकच बोलावून देत होते.

आजीला आमचं बोटीने येणं बिलकूल पसंत नसे. 17 जुलै 1947 ला, गटारीच्या दिवशी, रेवसला जाणारी 'रामदास' बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. तिच्या पिढीतल्या कोणालाही बोट म्हटलं की आधी तेच आठवे. आम्ही पोचल्यावर ती मिठाने दृष्ट काढायची आणि मगच घरात घ्यायची.

आता उतरण्याचं. बोट धक्क्याला लागायचीच नाही. दूर पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माणसं-सामान नेणाऱ्या होड्या, यायचे. रात्रीची वेळ, कंदील, बोटीच्या बाजूचं दार उघडलेलं आणि खाली पडाव वरखाली होतोय. मोठी माणसं खलाशाच्या हाताला धरून उडी टाकत. पोरं आणि ट्रंका मात्र हातोहात. मला एका खलाशाने काखेत धरून दुसऱ्याकडे दिलं आणि तो ओरडला, "पाय वर घे, मेल्या!" पाय वर घेतला तोच पडाव बोटीवर आपटला. क्षणापूर्वी पाय होता, नेमका तिथेच.

शिडाची होडीताई, आमच्या वेळी जहाजात आश्चर्य करण्यासारखं काही नव्हतं. होता तो समुद्रच. तुमचं म्हणणं एसी लावलेल्या जहाजांपुरतं ठीक आहे.

शिडाची होडी

पडावकाका, मान्य. एक गुण तुम्हाला.

डेक झिरो

मी पाहुणा म्हणून कधी चढलोच नाही. वेंगुर्ल्याचा आहे, हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि बोटीवर गेलो. आमच्याकडे आणि गोव्यात हे नवीन नाही. दर दोन घरांआड कोणीतरी बोटीवर असतंच आणि गावात त्याच्या सुट्टीच्या तारखा सगळ्यांना पाठ असतात.

सीडीसी (खलाशाचं नोंदणीपुस्तक), एसटीसीडब्ल्यूचे (बोटीवरच्या सुरक्षेचे) कोर्स, मेडिकल, सी-वन-डी (बोटीवरच्या कर्मचाऱ्यांचा अमेरिकन) व्हिसा एवढं सगळं करून मायामीला जॉइन झालो. टर्नअराउंडचा दिवस होता, म्हणजे सकाळी जुने पाहुणे उतरतात आणि दुपारपर्यंत नवे चढतात. मधल्या काही तासांत हजारो चादरी, बॅगा, भाजीचे पॅलेट आत-बाहेर होतात. मी ज्या दाराने शिरलो तिथून फोर्कलिफ्ट जात होती. समोर लांबलचक, रुंद, ट्यूबलाइटचा कॉरिडॉर, जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याला सगळे आय-95 म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने येऊन मायामीला संपणारा हायवे आहे, त्याचं नाव. रहदारी तशीच. बाजूला झालो नसतो तर बटाट्यांच्या ट्रॉलीखाली गेलो असतो.

केबिन मिळायच्या आधी लाइफ जॅकेट आणि इमर्जन्सी ड्यूटीचं कार्ड मिळालं. तुम्ही वेटर असा, नाचणारे असा की न्हावी, आग लागली तर तुमचं काम ठरलेलं असतं. माइकवर "ब्राव्हो, ब्राव्हो, ब्राव्हो" ऐकलं की आग. पाहुण्यांना तो डान्सचा कार्यक्रम वाटतो. केबिन पाण्याच्या पातळीखाली. दोघांत एक, वर-खाली बंक, पडदा ओढला की तेवढंच तुमचं घर. खिडकी नाही, त्यामुळे उठल्यावर पहाट की मध्यरात्र ते घड्याळच सांगणार. आमची केबिन पुढच्या बाजूला होती. सकाळी बो थ्रस्टर (धक्क्याला लागताना जहाजाचं नाक बाजूला ढकलणारा पंखा) सुरू झाला की बंक, दात, सगळं थरथरायचं. तो आमचा गजर. बंदर आलं, उठा.

त्याच संध्याकाळी रेस्टॉरंटमध्ये उभा होतो. क्रूच्या भागातून पाहुण्यांच्या भागात जायला एक दार असतं. आमच्या जहाजावर त्या दाराच्या आतल्या अंगाला आरसा होता. अलीकडे ओलं लोखंडी फ्लोअरिंग, पाइप, कोणीतरी कोणावर तरी तगालोगमध्ये, म्हणजे फिलिपिनो भाषेत, ओरडतंय. ट्रे खांद्यावर घेऊन दार ढकललं की गालिचा, पियानो, मंद दिवे. आरशासमोर प्रत्येक जण अर्धा क्षण थांबायचा, नेमप्लेट सरळ करायचा, चेहरा लावायचा आणि पलीकडे जायचा. परत येताना कोणी आरशात बघत नसे.

पहिल्या आठवड्यात मी समुद्र पाहिलाच नाही. त्यामुळे माझं मत होडीताईंना.

अजून एक, जे पाहुण्यांना दिसत नाही. अमेरिकन बंदरांत येणाऱ्या जहाजांवर तिथल्या आरोग्य खात्याचे लोक न सांगता येऊन किचन तपासतात. शंभरपैकी 86 च्या खाली आलात तर नापास, आणि निकाल जाहीर होतो. आम्ही त्याला नुसतं 'यूएसपीएच' (यू. एस. पब्लिक हेल्थ) म्हणतो. हा शब्द ऐकला की झोपलेला माणूस उठून फडकं शोधतो. तीन बादल्या: साबण, स्वच्छ पाणी, सॅनिटायझर. क्रम चुकला तर शेफ सगळं काउंटर पुन्हा पुसायला लावायचा. घरी सुट्टीवर आलो तेव्हा मी आईच्या ओट्याशी तेच सुरू केलं. तिने दोन दिवस ऐकून घेतलं.

काम आठवड्याचे सातही दिवस, सात-आठ महिने. कायद्याने चोवीस तासांत दहा तास विश्रांती मिळायला हवी, आणि ती तुकड्यातुकड्यांत मिळते. मेसमध्ये भात मात्र चोवीस तास, कारण अर्धे लोक फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि आपल्याकडचे. पहिल्या रात्री डाळ-भात दिसला तेव्हा बरं वाटलं. डाळीत साखर होती. असो.

मुक्काम पोस्ट

@डेक झिरो, तुमचं वाचून माझी बिंगोची तक्रार मागे घेतो. माइकची नाही.

खारा वारा

लक्षद्वीपचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. कोचीहून 'एम. व्ही. कवरत्ती', साधारण सातशे प्रवाशांचं जहाज. रात्री जहाज चालतं, दिवसा बेटावर, असं कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. यात क्रूझचा थाट शोधू नका. निम्मे प्रवासी बेटावरचे, दवाखान्याची आणि बाजाराची कामं उरकून घरी निघालेले. डेकवर गाद्यांच्या गुंडाळ्या, अंड्यांचे ट्रे, एक नवीकोरी शिलाई मशीन. आम्ही पर्यटक त्यांच्या वाटेत कॅमेरे घेऊन उभे.

पडावकाकांना सांगायचं आहे की तुमचे पडाव अजून जिवंत आहेत. बेटांभोवती प्रवाळ आणि उथळ पाणी, त्यामुळे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं. पोटाशी एक दार उघडतं आणि खाली होडी. लाटेबरोबर ती माणूसभर वर येते, माणूसभर खाली जाते. दारात दोन खलाशी, होडीत दोन. ते तुमच्याकडे बघतच नाहीत, पाण्याकडे बघत असतात. दंडाला धरून ठेवतात आणि होडी वर आली की एकदम सोडतात. तुम्ही स्वतः ठरवून उडी मारायची नाही, हेच अवघड. माझ्या पुढच्या गृहस्थांनी "एक मिनिट" म्हटलं. खलाशाने ऐकलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

होडीत बसल्यावर खाली पाहिलं तर तळाची वाळू दिसत होती. माझं मत समुद्राला.

आईची पर्स

व्हीलचेअरवरच्या आईला घेऊन गेले होते, म्हणून थोडं उपयोगाचं. कौतुक हे की सामान एकदाच उघडायचं आणि गावं आपोआप बदलतात. हॉटेलांमध्ये चढ-उतार करून ती जेवढी दमते त्याच्या चार आणेही दमली नाही. पण साध्या केबिनच्या बाथरूमला चांगला उंच उंबरठा असतो आणि खुर्ची दारातून आत जात नाही. सोयीची केबिन वेगळी मागावी लागते, त्या मोजक्याच असतात, लवकर मागा. आणि जिथे जहाज धक्क्याला न लागता छोट्या होडीने नेतात, तिथे समुद्र खवळला की खुर्चीवाल्यांना थांबवतात. आम्हाला एका बंदरात थांबवलं. आईने त्या दिवशी रिकाम्या जहाजावर वरच्या डेकचा सगळ्यात चांगला कोपरा पटकावला आणि चार लोकांकडून कॉफी मागवली.

केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हलणं कमी जाणवतं. मळमळलं तर बोटीवर हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं देतात. पडावकाकांच्या आईंचा आलेपाक त्याहून गुणकारी असावा.

सिअ‍ॅटलची पाहुणी

आमची अलास्का. सासूबाई-सासरे भारतातून आलेले. सासऱ्यांचं पहिलं निरीक्षण: लिफ्टमध्ये 12 नंतर 14. तेरावा मजला कुठे गेला हे त्यांनी तीन कर्मचाऱ्यांना विचारलं. सासूबाईंचं पहिलं निरीक्षण: बाथरूममध्ये कपडे वाळत घालायची ओढायची दोरी आहे. त्यांचा जहाजावरचा विश्वास तिथे बसला. इस्त्री मात्र खोलीत चालत नाही, आगीच्या भीतीने.

ग्लेशियर बेमध्ये शिरताना एक छोटी बोट शेजारी आली आणि जहाज चालू असतानाच राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर दोराच्या शिडीने चढून वर आले. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझना आत सोडतात. मग दिवसभर त्या रेंजरबाई माइकवरून सांगत होत्या. (मुक्काम पोस्ट, या माइकबद्दल तुमची तक्रार नसती.) हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी फिरवलं. बर्फाचा कडा पडलेला आधी दिसला, आवाज मागाहून आला. सासरे म्हणाले, "मेघगर्जना." सासूबाई म्हणाल्या, "स्वेटर घाला."

बोल्ट-नट

इंजिनिअर आहे, माझी दृष्टी तशीच. मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या 'एम्प्रेस'वर गेलो. हे जहाज 1990 मध्ये फ्रान्समधल्या सें-नाझेरला बांधलं, तेव्हा नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. लांबी 210 मीटर. आजच्या राक्षसी जहाजांपुढे लहान, पण त्यामुळेच दुसऱ्या वेळेला रस्ता चुकत नाही. प्राँग्सचं दीपगृह मागे पडेपर्यंत बंदराचा पायलट, म्हणजे वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, जहाजावर असतो, मग तो चालत्या जहाजावरून शिडीने आपल्या बोटीत उतरतो. सगळे डीजेकडे धावले होते, मी ते बघायला कठड्याशी. माझ्याशिवाय फक्त एक लहान मुलगा होता.

पिण्याचं पाणी कुठून येतं हे कोणी विचारत नाही. बहुतेक जहाजं समुद्राचंच पाणी गोडं करतात, इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून किंवा पडद्यातून दाबाने गाळून. संडास व्हॅक्यूमचे, म्हणून तो दचकवणारा आवाज. आणि पोटाखालून दोन्ही बाजूंना पंख काढून डुलणं कमी करतात. म्हणजे पडावकाकांच्या बोटीला हे पंख असते तर त्यांना इतके डबे खायला मिळाले नसते.

तुळशीवृंदावन

मी कुठल्याच बोटीवर गेले नाही. मुलगा पुढच्या महिन्यात जॉइन होतोय, किचन युटिलिटी म्हणून (भांडी, साफसफाई), कुडाळचे आम्ही. एजंट कागदपत्रांच्या नावाखाली आणखी पैसे मागतोय. आणि बरोबर काय देऊ? @डेक झिरो, सांगाल का?

डेक झिरो

काकी, आधी एजंटचं. डीजी शिपिंगकडे (जहाजांचं सरकारी खातं) नोंदलेला असेल तर त्याला आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नसतात. मेडिकल, कोर्स यांचा खर्च वेगळा, व्हिसाचा मात्र नियमाने कंपनीने करायचा. प्रत्येकाची पावती मागा. पावती द्यायला कां-कूं करत असेल तर थांबा.

बरोबर: न घसरणारे काळे बूट, दोन जोड, आणि ते आतापासूनच घरात घालून फिरू दे. पायमोजे भरपूर. पोटाच्या आणि तापाच्या गोळ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. स्वस्तातलं घड्याळ. कुळथाची पिठी देऊ नका, शिजवायला जागा नाही, केबिनमध्ये किटलीसुद्धा काढून घेतात. कोरडी चटणी सीलबंद पाकिटात असेल तर बघा, पण कस्टम्सच्या फॉर्मवर लिहायला सांगा. सीडीसी आणि पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवा.

पहिले पंधरा दिवस त्याचा फोन नाही आला तर घाबरू नका. नेट विकत घ्यावं लागतं आणि ड्यूटी संपल्यावर झोपच लागते. कंपनी कुठली, ते मला वेगळं कळवा. त्या जहाजावर आमच्या बाजूचं कोणी आहे का बघतो.